छप्पर हवंय? प्रीमियम घ्या

सकाळच्या वेळी मराठी स्वयंपाकघरात मोबाइलची जागा ठरलेली असते. ओट्यावर, मिसळणाच्या डब्याला टेकवून. यूट्यूबवर अभंग लागलेले असतात आणि गाणाऱ्या बुवांचा चेहरा कुणालाच बघायचा नसतो, कारण ऐकणारीचे दोन्ही हात कणकेत असतात. तरीही पडदा पेटता ठेवावा लागतो. तो विझवला की बुवा गप्प. व्हॉट्सॲपवर नणंदेचा निरोप बघायला गेलं तरी बुवा गप्प. मग बुवांना बोलतं ठेवण्यासाठी अख्खं घर राबतं. कुणी चार्जर आणून लावतं, कुणी पडद्यावरची वाफ पुसतं, तेवढ्यात फोडणीचा थेंब उडून नेमका तिथेच पडतो आणि अभंगाच्या जागी एक जेसीबी विहीर खणायला लागतो. "अरे, हे बाजूचं बटण दाबून ठेवलं तर नाही का चालणार?" आजी विचारतात. "नाही गं आजी, पडदा बंद करून ऐकायचं तर प्रीमियम घ्यावं लागतं. महिन्याला १४९ रुपये." "म्हणजे डोळे मिटून ऐकायचे वेगळे पैसे?" नातू गप्प बसतो. भक्तिमार्गाच्या सातशे वर्षांत हा प्रश्न कुणालाच पडलेला नव्हता.

आजींच्या प्रश्नात मुद्दा आहे. पडदा विझला की फोनचं काम कमी होतं, वाढत नाही. म्हणजे गाणं चालू ठेवायला काही अवघड यंत्रणा लागते आणि तिचा खर्च आपल्याकडून मागितला जातोय, असं इथे नाही. इथे कुणीतरी पगारी माणसाने बसून 'पडदा विझला रे विझला की गाणं थांबव' अशी आज्ञा लिहिली, दुसऱ्याने ती तपासली, तिसऱ्याने शाबासकी दिली. न चालणं हीच मेहनतीने बनवलेली वस्तू आहे आणि आपण पैसे देतो ते तिच्यापासून सुटका करून घेण्याचे. यावर एक उत्तर तयार असतं, की पडदाच बंद तर जाहिरात कोण बघणार? उत्तर वाजवी वाटतं, पण रेडिओ इतकी दशकं पावडरी आणि साबण नुसत्या आवाजावर विकत आला, आणि खुद्द यूट्यूबनेच २०२० मध्ये जाहिरातदारांपुढे नुसत्या ऐकायच्या जाहिराती मांडल्या. कान विकता येतात हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. माझं म्हणणं एवढंच, की जादा दिल्याचे पैसे जरूर घ्यावेत, अडवल्याचे घेऊ नयेत. पण ही ओळ कुठे आखायची यावरून जो गोंधळ चालतो, तो मोठा करमणुकीचा आहे.

भाषा शिकवणाऱ्या ड्युओलिंगोचं उदाहरण घ्या. फुकट शिकणाऱ्याला तिथे कित्येक वर्षं पाच बदाम मिळत. एक चूक झाली की एक बदाम गेला, पाचही संपले की धडा बंद. थांबा, नाहीतर सरावाने बदाम परत कमवा, नाहीतर पैसे भरा. पैसे भरणाऱ्याला हव्या तेवढ्या चुका करायची मुभा. म्हणजे शिकणाऱ्याचा जो मूळ धंदा, चुकणं, तोच श्रीमंतांसाठी राखीव. आपल्याकडच्या मास्तरांनी चुकीबद्दल छड्या दिल्या, पण चुकीचा मासिक पास काढण्याची कल्पना एकाच्याही डोक्यात आली नाही. आली असती तर शिक्षकांच्या पगाराचा प्रश्न केव्हाच मिटला असता. स्पॉटिफायने २०२३ च्या ऑक्टोबरात भारतातल्या फुकट्या श्रोत्यांवर नवे निर्बंध आणले. गाणी ओळीने ऐकायची नाहीत, मागचं गाणं पुन्हा लावायचं नाही, गाण्यात पुढेमागे सरकायचं नाही. ओळीने न ऐकण्याचा हा नियम ५६ गाण्यांच्या गीतरामायणाला लावून बघा. राम आधी वनवासाहून येतो, मग जन्मतो, मग त्याचं लग्न ठरतं आणि मधेच केव्हातरी सेतू बांधून तयार असतो, पण तो कशासाठी बांधला हे अजून कुणाला कळलेलं नसतं. पुण्याच्या आकाशवाणीने १९५५-५६ साली हीच गाणी आठवड्याला एक याप्रमाणे ओळीने ऐकवली, तेव्हा 'क्रम' हा प्रीमियम जिन्नस आहे हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

आणि तो आडवा पीडीएफ! सातबारा, जुना करारनामा, सोसायटीचं इतिवृत्त, ज्याने स्कॅन केलं त्याने कागद आडवा घातलेला असतो. ॲक्रोबॅटच्या फुकट रीडरमध्ये तुम्ही पान फिरवून सरळ बघू शकता, पण सरळ झालेलं पान तसंच जपून ठेवायला गेलात की पैशाची खिडकी उघडते. उद्या फाइल उघडली की पान पुन्हा आडवं, आणि कंपनीने पान सरळ ठेवलं नाही म्हणून माणूस मान वाकडी करतो. मायक्रोसॉफ्टचा पत्त्यांचा डाव, सॉलिटेअर, १९९० मध्ये विंडोज ३.० बरोबर आला आणि सरकारी-निमसरकारी कचेऱ्यांतल्या दुपारी त्याने बिनबोभाट सांभाळल्या. २०१५ च्या विंडोज १० मध्ये त्याच डावात जाहिराती शिरल्या आणि त्या घालवायला महिन्याला दीड डॉलर सांगण्यात आले. एकट्याने, कामाच्या वेळात, साहेबाची नजर चुकवून खेळायच्या खेळाला वर्गणी लावणं यात एक प्रकारचा नैतिक धाडसीपणा आहे, हे मान्य करावं लागेल.

हा सगळा प्रकार संगणकवाल्यांनी शोधून काढला असं समजायचं कारण नाही. १८४९ साली ज्यूल द्युप्युई नावाच्या फ्रेंच अभियंता-अर्थतज्ज्ञाने आगगाडीच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यांविषयी लिहून ठेवलंय. त्या डब्यांना छप्पर नसे आणि बाकं लाकडी असत. छपराला असा कितीसा खर्च? कंपनीला तो सहज परवडला असता. पण तिसऱ्या वर्गाला छप्पर दिलं, तर दुसऱ्या वर्गाचे पैसे खिशात असलेला माणूस तिसऱ्यात येऊन बसेल, ही धास्ती. म्हणून गरिबाला भिजवायचं. त्याच्यावर राग आहे म्हणून नाही, तर त्याला भिजलेला बघून श्रीमंताने वरचं तिकीट काढावं म्हणून. द्युप्युईचा हा उलगडा इतका पक्का आहे की पुढच्या पावणेदोनशे वर्षांत कुणाला त्यात भर घालावी लागली नाही, फक्त छपराची नावं बदलत गेली. आयबीएमने १९९० च्या सुमारास मिनिटाला दहा पानं छापणारा लेझर प्रिंटर काढला आणि त्याच्याच पोटात मुद्दाम थांबे पेरून मिनिटाला पाच पानं छापणारा स्वस्त भाऊही बाजारात आणला. म्हणजे स्वस्त प्रिंटर बनवायला काम जास्त लागलं. इंटेलने १९९१ मध्ये ४८६एसएक्स ही चिप काढली. गणिताचा वेगळा भाग तिच्या अंगात होता, फक्त तो निकामी केलेला. टेस्लाने २०१६ मध्ये ७५ किलोवॅट-तासांची बॅटरी बसवलेल्या काही गाड्या ६० च्या म्हणून विकल्या, वरच्या पंधराला सॉफ्टवेअरचं कुलूप. २०१७ मध्ये फ्लोरिडावर इर्मा चक्रीवादळ आलं आणि लोक घरदार सोडून निघाले, तेव्हा कंपनीने लांबूनच ते कुलूप उघडलं आणि रस्त्यात असलेल्या गाड्यांची मजल आपोआप वाढली. माणुसकी खरीच. पण त्या दिवशी सगळ्यांना हेही कळलं, की बॅटरी आधीपासून तिथेच होती आणि वादळ गेल्यावर कुलूप परत लागणार होतं.

आता समोरच्याचं ऐकू. पहिला आक्षेप आपल्यावरच आहे, म्हणून तो आधी घ्यावा: कंपनी काय धर्मशाळा आहे? खरं आहे. आम्ही फुकटे आहोत आणि या लेखकाचा त्या जमातीत अनुभव दांडगा आहे. व्हॉट्सॲप वर्षाला एक डॉलर मागत असे त्या काळात, 'हा मेसेज दहा जणांना पाठवा नाहीतर उद्यापासून पैसे पडतील' असे निरोप कुणी पाठवले? आम्हीच. त्या डॉलरची वसुली जानेवारी २०१६ मध्ये बंद झाली, तेव्हा आपल्या निरोपामुळेच कंपनी नमली असं मानणारे काका आजही भेटतात. गूगलने फोटो साठवायची अमर्याद फुकट सोय १ जून २०२१ पासून बंद केली, १५ जीबीच्या पुढे पैसे लावले, तेव्हाही आम्ही हळहळलो. पण इथे कंपनीची बाजू खरी आहे. कुठल्यातरी दूरदेशीच्या गोदामात वीज खाणाऱ्या यंत्रांवर आपण सूर्योदय, गुलाब आणि 'शुभ सकाळ' यांचे ढीग रचतो, प्रत्येक सूर्योदय चार-चार वेळा. त्याचं भाडं कुणीतरी द्यायलाच हवं. जागेचे पैसे घ्या, माणसं कामाला लावता त्यांचे घ्या, जाहिराती काढल्याचेही घ्या, कारण जाहिरात गेली की उत्पन्न जातं हे उघड आहे. मिसळीच्या दुकानात जादा पावाचे पैसे लागतात, ताक वेगळं, शेवटी पापड मागवला तर तोही वेगळा, आणि कुणी कुरकुर करत नाही. पण चमचा मागितल्यावर "साहेब, चमचा प्लसमध्ये आहे, साध्यात बोटाने" असं पोऱ्या म्हणाला, तर टेबलं उलटी होतील.

दुसरा आक्षेप जरा हुशार माणसं घेतात. ते म्हणतात, 'मूलभूत' हे ठरवणार कोण? तुमच्या आजींना पडदा विझवून ऐकणं मूलभूत वाटतं, उद्या एखादा म्हणेल मला चौदा रंगांच्या चौकटी मूलभूत वाटतात. बरोबर, प्रत्येकाची यादी निराळी. पण सगळ्या याद्या निराळ्या असल्या तरी काही गोष्टींवर तंटा होऊ नये. सुरक्षितता ही त्यातली पहिली. २०२३ मध्ये चीनशी संबंधित हॅकरांनी अमेरिकी सरकारी खात्यांच्या ईमेलमध्ये शिरकाव केला. तो पकडला परराष्ट्र खात्याने, कारण त्यांच्याकडे मायक्रोसॉफ्टचा महागडा परवाना होता आणि कोण कुठे शिरलं याच्या तपशीलवार नोंदी त्या परवान्यातच मिळत. स्वस्त परवानेवाल्यांच्या घरात चोर शिरला असता तरी तो शिरला हे दाखवणारं पुस्तकच त्यांना मिळालं नसतं. गाजावाजा झाल्यावर कंपनीने यातल्या बऱ्याच नोंदी खालच्या परवान्यांनाही खुल्या केल्या. घराला कुलूप आहे, पण कुलूप फुटलं हे कळण्यासाठी प्लॅन बदलावा लागेल, असा हा व्यवहार होता. त्याला आक्षेप घेणारा फुकट्या नव्हता, जगातलं सर्वांत बडं सरकार होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे आधी दिलेलं काढून घेणं. लास्टपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या ॲपने मार्च २०२१ मध्ये फुकट वापरणाऱ्यांना सांगितलं, संगणक किंवा मोबाइल, दोहोंपैकी एक निवडा. पासवर्ड लक्षात राहत नाहीत म्हणूनच तर माणसाने ते तिथे ठेवलेले. आता अर्धे दिवस आपण कोण आहोत हे विसरून राहायचं. एव्हरनोटने २०२३ च्या डिसेंबरात फुकट खात्यावर ५० टिपणं आणि एक वही अशी मर्यादा घातली. जुनी टिपणं पुसली नाहीत, बाहेर काढून नेता येत होती, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पण ज्याने दहा वर्षं 'सगळं इथेच लिहा, काही विसरू नका' हा उपदेश मनावर घेतला, त्या गृहस्थाची काय अवस्था? किराण्याची यादी, गॅसचा ग्राहक क्रमांक, मेव्हण्याच्या साखरपुड्याला कुणी काय आहेर केला त्याची नोंद, सगळं मिळून हजारभर टिपणं, आणि आता एकही नवं टिपण लिहायला बंदी. सवय फुकट लावायची आणि सवयीची किंमत नंतर सांगायची, हा व्यापार फार जुना आहे आणि त्यातल्या इतर मालाची नावं इथे न घेतलेली बरी.

तिसरा आक्षेप सर्वांत लाडका: नको असेल तर वापरू नका. हा सल्ला देणारा माणूस स्वतः मात्र सोसायटीचा ग्रुप सोडून दाखवत नाही. शाळा गृहपाठ ॲपवर टाकते, बँक ओटीपी ॲपवर मागते, लग्न जुळवणारी मंडळीही ॲपवर गेली आहेत आणि तिथे मुलाचं शिक्षण, पगार, उंची, मंगळ, रक्तगट सगळं फुकट दिसतं, फक्त फोन नंबर तेवढा पैसे भरल्यावर. वधूपिता म्हणतो, "मुलगा पसंत आहे." ॲप म्हणतं, "असू द्या." मात्र ग्राहकाने खरोखर पाठ फिरवली तर कंपन्या ऐकतात, हेही दिसलेलं आहे. बीएमडब्ल्यूने दक्षिण कोरियासह काही देशांत गाडीची सीट गरम करायला २०२२ मध्ये मासिक वर्गणी ठेवली. तापवायची तार सीटमध्ये आधीच बसवलेली, पैसे फक्त बटणाला हो म्हणण्याचे. लोकांनी इतकं हसून घेतलं की पुढच्याच वर्षी कंपनीने तो नाद सोडला. मे महिन्यात कोकणात जाणाऱ्या एसटीची खिडकीकडची सीट वर्गणीशिवाय याहून जास्त तापते, हे त्यांना कुणी वेळीच कळवलं असतं तर नाचक्की टळली असती.

न्यायबुद्धी शाबूत आहे हे दाखवण्यासाठी एका मर्यादेची मात्र तोंडभरून स्तुती केली पाहिजे. झूमच्या फुकट सभेला ४० मिनिटांचं बंधन आहे. ही अडवणूक म्हणता येत नाही, कारण सभा जेवढी लांबते तेवढी कंपनीची यंत्रं राबतात. शिवाय मराठी सार्वजनिक जीवनावर या बंधनाचे उपकार मोजता येणार नाहीत. करोनाच्या काळात आपल्या मंडळांच्या, संमेलनांच्या, गृहनिर्माण संस्थांच्या सभा त्यावर भरल्या. प्रास्ताविक, स्वागत, पाहुण्यांचा परिचय, पाहुण्यांनी 'परिचयाची गरज नव्हती' असं म्हणणं, यात पस्तीस मिनिटं गेली की अध्यक्ष घसा खाकरतात, "मी फार वेळ घेणार नाही" असं म्हणतात, आणि खरोखरच घेऊ शकत नाहीत. आभारप्रदर्शन तर कित्येक महिने कुणी ऐकलंच नाही. मग एखाद्या उत्साही चिटणीसाने पदरमोड करून प्रीमियम घेतलं आणि सभा पुन्हा अडीच तासांच्या झाल्या. पैसे देऊन माणूस काय विकत घेईल याचा नेम नाही.

तरीही मुख्य आक्षेप शिल्लक राहतोच: खालच्या वर्गात सगळं नीट दिलं तर वरचा वर्ग घेईल कोण? द्युप्युईच्या आगगाडी-कंपनीची धास्ती हीच. या प्रश्नाचं उत्तर आपल्याच रेल्वेने देऊन ठेवलंय आणि ते देणारा माणूस आपल्याच कोकणातून निवडून गेलेला होता. भारतीय रेल्वेने तिसरा वर्ग १९७४ मध्ये रद्द केला, म्हणजे तिसऱ्याला दुसरा म्हणायला सुरुवात केली. लाकडी फळ्यांना ही बढती कळली नाही. १९७७ मध्ये राजापूरचे खासदार मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातल्या त्या फळ्यांवर दोन इंच फोम घालायला सांगितलं. दोन इंच. रात्रभर प्रवास करणाऱ्याच्या पाठीला आणि मणक्याला त्याचा अर्थ विचारा. हिशेबी माणसाच्या मते त्यानंतर वरच्या वर्गाचे डबे ओस पडायला हवे होते. झालं उलटंच. आज रेल्वेकडे फर्स्ट एसी आहे, टू टायर आहे, थ्री टायर आहे, थ्री टायरची इकॉनॉमी आहे, चेअर कार आहे, आणि गणपतीच्या दिवसांत कोकणात जायचं तर यातल्या सर्वांत महागाचंही तिकीट मिळत नाही. थंड हवा, पडदा, स्वच्छ चादर, कमी गर्दी यासाठी लोक खुशीने जादा पैसे मोजतात. खालच्याच्या पाठीला फळी टोचते म्हणून वरचं तिकीट खपतं हे गणित त्या दोन इंचांनी खोटं पाडलं. ज्यांच्याकडे विकायला खरोखर काही जादा असतं, त्यांना फोम काढून घ्यावा लागत नाही.

सॉफ्टवेअर-कंपन्यांना हे कळत नसेल असं नाही. पण खरंच काही जादा बनवायला डोकं आणि वर्षं लागतात, फोम काढून घ्यायला एक दुपार पुरते. म्हणून 'प्रीमियम घ्या'ची पाटी दिवसातून दहा वेळा डोळ्यांपुढे नाचते आणि तिच्यावर दोनच बटणं असतात: 'हो' आणि 'आत्ता नको'. 'कधीच नको' म्हणायची सोय बहुधा प्रीमियममध्ये असावी. पाटीवर नकाराच्या बटणाची भाषा तर एखाद्या दुखावलेल्या आत्याबाईंची असते: 'नको, मला त्रास सोसायला आवडतं.' केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ फसव्या क्लृप्त्यांची यादी मार्गदर्शक तत्त्वांत घातली. त्यात सतत भुणभुण लावणं आहे, नाही म्हणणाऱ्याला लाजवणं आहे, वर्गणी चालू करायला एक बोट आणि बंद करायला सात पानं ठेवणंही आहे. गाणं पडद्याबरोबर विझवणं मात्र यादीत नाही, आणि आजींना तो मुद्दा मांडायचा असेल तर त्यांनी तो खुशाल मांडावा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तक्रार मराठीतही घेतात, फोनला पैसे पडत नाहीत आणि त्यासाठी कुठलाही प्लॅन घ्यावा लागत नाही.